काचेवरचा लाल रंग

ते पत्र आलं तेव्हा विद्याधर वाळिंबे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आता ते चौऱ्याहत्तरचे झाले होते आणि उत्तर अजून गेलेलं नव्हतं.

उत्तर लिहिलंच नाही असं म्हणणं मात्र त्यांच्यावर अन्याय करण्यासारखं होईल. त्यांनी ते अकरा वेळा लिहिलं होतं. प्रत्येक वेळी सुरुवात 'आपले पत्र मिळाले' अशी झोकात व्हायची, आणि चौथ्या-पाचव्या ओळीला 'असू शकेल' हे शब्द आले की पेन थांबायचं. ते अकरा कागद आणि मूळ पत्र त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात, एका जाडजूड शब्दकोशात, सव्वीस वर्षं पडून होतं. कपाट आवरताना शब्दकोश हातात आला की वाळिंबे तो न उघडता, नुसती धूळ झटकून जागेवर ठेवत.

पत्र करमाळ्याकडच्या केम गावाहून आलेलं होतं. आंतर्देशीय, निळ्या कागदाचं, घडीवर अंगठ्याचा पुसट लाल ठसा. केमला घरोघर कुंकू तयार होतं हे वाळिंब्यांना तेव्हा त्या ठशामुळेच कळलं.

'माझा मुलगा तुमच्या कॉलेजात तीस तास जगून गेला,' असं दिगंबर अवताडे नावाच्या माणसानं लिहिलं होतं. 'जन्मला तेव्हा चांगला रडला. सहा तासांनी निळा पडत गेला. आमचा कुंकवाचा छोटा कारखाना आहे. माझी पत्नी आठव्या महिन्यापर्यंत कुंकू चाळायला बसत होती. मला तुमचं नाव सांगणाऱ्या शिपायाने काच दाखवली, तिच्यावरचा लाल रंग मी डोळ्यांनी पाहिला. आमचं कुंकू बाळाच्या फुप्फुसात गेलं का? हो की नाही एवढंच कळवा. तिला सांगायचं आहे.'

वाळिंबे तेव्हा सीनाकाठ वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे व्याख्याते होते. शरीराच्या तुकड्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर चढवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि रोगाचं नाव सांगायचं, हे त्यांच्या विभागाचं काम. त्या बाळाच्या फुप्फुसाच्या दोन काचा त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांत त्यांना काहीतरी विचित्र दिसलं होतं, परदेशी मासिकात एकदाच चित्र पाहिलेलं असं काही. विभागप्रमुखांनी मात्र एका नजरेत 'जंतुसंसर्ग' असं लिहून सही ठोकली. वाळिंब्यांनी नोंदवहीत त्या सहीखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'शिरा भलत्या जागी? फेरतपासणी व्हावी.'

"वाळिंबे," प्रमुख चष्म्यावरून पाहत म्हणाले होते, "पेन्सिलीनं लिहिलेल्याला मत म्हणत नाहीत."

वाळिंब्यांना ते पटलं होतं. प्रमुखांचं म्हणणं त्यांना नेहमीच पटायचं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'असूशकेल सर' म्हणत, तेही त्यांना पटलेलं होतं. अशा माणसानं, ज्याची स्वतःचीच खात्री नाही, केमच्या त्या बापाला काय लिहायचं? 'नाही' लिहावं, तर मग कशानं गेलं ते सांगायला हवं. 'हो' तर लिहिताच येत नव्हतं. म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही.

*

२०४१ च्या जानेवारीत एका सकाळी डॉक्टर रुबीना अत्तारचा फोन आला. रुबीना त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच विभागाची प्रमुख.

"सर, दोनशे अकरा आठवतंय? सन पंधरा. तीस तासांचं बाळ."

वाळिंब्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी बशीत ठेवला.

"पेन्सिलीची नोंद आहे तुमच्या अक्षरात. तुम्ही येऊन जाल का? यंत्रानं ती काच बाजूला काढलीय."

"यंत्र चुकलंही असू शकेल," वाळिंबे म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला बोलावतेय."

फोन ठेवल्यावर त्यांची बायको सुलभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण हो?" सुलभाबाई चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. उत्तर एक तर बरोबर असतं किंवा चूक, या मताच्या.

"कॉलेजात बोलावलंय. एका जुन्या काचेसाठी."

"मग जा की. घरात बसून कपाट किती वेळा आवराल?"

विभागात आता सगळं पांढरंशुभ्र आणि गार होतं. एका टेबलाएवढं यंत्र एका बाजूनं काचा गिळत होतं आणि दुसऱ्या बाजूनं अलगद बाहेर ठेवत होतं. साठ वर्षांच्या काचा ते वाचणार होतं. रुबीनानं कारण सांगितलं. जन्मतःच फुप्फुस बिघडलेल्या काही दुर्मीळ रोगांवर तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा उपचार सापडला होता, पण तो बाळ पोटात असतानाच करावा लागतो. बाळ पोटात असताना रोग ओळखायचा, तर त्या घराण्यात तो आहे हे आधी ठाऊक हवं. ते ठाऊक असण्याची एकमेव जागा म्हणजे जुनी मेलेली बाळं. त्यांच्या काचा राज्यभर अशाच कपाटांतून पडलेल्या होत्या.

"बघा," म्हणून तिनं पडद्यावर दोनशे अकरा लावली.

वाळिंब्यांनी पाहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं तेच.

निरोगी फुप्फुसात हवेच्या नळीच्या सोबतीनं एक धमनी चालते. ती बारीक होत होत हवेच्या फुग्यांपर्यंत जाते, आणि फुग्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यात आपलं रक्त ओतते. तिथं रक्ताला प्राणवायू मिळतो. मग ते रक्त शिरांतून परत फिरतं. या परतीच्या शिरा धमनीपासून लांब, वेगळ्या वाटेनं जातात. या काचेतल्या शिरा मात्र धमनीला खेटून, त्याच वाटेनं चालल्या होत्या, आणि फुग्यांच्या भिंतींत वाहिन्यांचं जाळं जवळजवळ नव्हतंच. पाटाला पाणी आहे, शेतात रोप आहे, पण पाणी बांधावरूनच माघारी वळतंय, वाफ्यात शिरत नाही, अशी गत. बाळ श्वास घेतं, छाती हलते, हवा आत येते. रक्ताची आणि तिची भेट होत नाही. पहिले काही तास कसेबसे निभावतात आणि मग बाळ निळं पडत जातं.

"यंत्र म्हणतंय, शंभरात सत्त्याण्णव," रुबीना म्हणाली. "तुम्ही काय म्हणता?"

वाळिंब्यांच्या जिभेवर नेहमीचे दोन शब्द आले. त्यांनी ते गिळले आणि नुसती मान हलवली.

"मेणातला तुकडाही अजून आहे आपल्याकडे. त्यातून जनुक वाचून घेतलं. एका जनुकाच्या जवळचा छोटासा भाग गळालेला आहे. आणि सर, याची एक खोड आहे. हा बिघाड बापाकडून आला तर गप्प बसतो, आईकडून आला तरच बोलतो."

"म्हणजे या बाळाला आईकडून आला."

"आणि आई स्वतः धडधाकट, म्हणजे तिला तो तिच्या वडिलांकडून आलेला असणार. तिला भाऊ असेल तर त्यालाही आलेला असू शकतो. त्याला काही होणार नाही. त्याच्या मुलींनाही नाही. पण त्याच्या मुलींच्या बाळांना..." तिनं वाक्य तसंच सोडलं. "केमला आरोग्य केंद्रातून चौकशी करायला सांगितलीय. पत्ता जुना आहे, माणसं असतील की नाही कोण जाणे."

वाळिंब्यांना पत्ता पाठ होता. 

*

माणसं होती. केमच्या परिचारिकेनं आठ दिवसांत कळवलं ते ऐकून रुबीनानं खुर्ची मागे सारली आणि उठूनच उभी राहिली.

दिगंबर अवताड्याच्या थोरल्या मुलाचं, नागनाथचं, लग्न दीड वर्षापूर्वी झालं होतं. तिकडच्या रीतीप्रमाणं मामाच्या मुलीशी. म्हणजे गेलेल्या बाळाच्या आईच्या सख्ख्या भावाची मुलगी आता त्याच घरात सून होती. तिचं नाव ऋतुजा. तिला विसावा आठवडा होता. गर्भारपणाच्या नोंदणीत 'घराण्यात कुणाचं मूल दगावलं का' या प्रश्नापुढे लिहिलेलं होतं, 'सासूचं एक, कुंकवाच्या धुळीमुळे.' धुळीनं गेलेल्या मुलासाठी कुणी जनुकं तपासत नाही. म्हणून कुणी तपासली नव्हती.

ऋतुजा, नागनाथ आणि दिगंबर तिघंही आले. ऋतुजाच्या रक्तातून बाळाच्या जनुकाची तपासणी झाली आणि पाचव्या दिवशी निकाल आला. बिघाड होता.

रुबीनानं त्यांना समजावून सांगितलं तेव्हा वाळिंबे खोलीच्या कोपऱ्यात, फायलींच्या कपाटाला टेकून उभे होते. औषध गर्भजलात सोडायचं. चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळलेला एक निरोप असतो, जनुकाजवळचा जो भाग गळालाय त्याचं काम करून घेणारा. पोटातलं बाळ ते पाणी श्वासासारखं छातीत ओढतं आणि सोडतं, त्यामुळे औषध आपसूक फुप्फुसात पोचतं. तीन वेळा, दर सहा दिवसांनी. पहिली सुई चोविसाव्या आठवड्याच्या आत बसायला हवी, कारण त्यानंतर वाहिन्यांचा आराखडा पक्का होतो आणि मग निरोप ऐकणारं कुणी उरत नाही. देशात एकतीस बाळांना दिलं होतं, सव्वीस जगली होती. सुईमुळे गर्भ पडण्याचा धोका शंभरात एखादा.

"आत्या काय म्हणतात ते बघते," ऋतुजा म्हणाली.

"आत्या म्हणजे सासूबाई," नागनाथनं खुलासा केला.

"ते कळलं मला," रुबीना म्हणाली. "पण पोट तुझं आहे ऋतुजा. सही तुझी लागते."

"सही माझीच करीन की मॅडम. पण आत्यांनी मला इतके महिने फुलासारखं जपलंय. कारखान्याकडं फिरकू दिलं नाही, हळदीकुंकवाला नाही, देवळात नाही. त्या म्हणत्यात, एवढं केलं की बाळाला काय होत नाही. आता त्यांना न विचारता पोटात सुई घेऊ? आणि काय झालं तर?" ती नवऱ्याकडं वळली. "तुम्ही बोलणार त्यांच्याशी?"

नागनाथ खिडकीबाहेर बघायला लागला.

"आल्या का नाहीत त्या?" रुबीनानं विचारलं.

"ती या बिल्डिंगीत पाय ठेवणार नाही," दिगंबर म्हणाला.  काळासावळा, अठ्ठावन्नचा, हातात कापडी पिशवी. "चला, मी बाहेर थांबतो."

तो बाहेर पडला आणि वाळिंबेही, का ते न कळता, मागोमाग गेले. व्हरांड्याच्या टोकाला जुन्या संग्रहालयाची खोली होती. तिथल्या बाकावर दिगंबर बसला. वाळिंबे उभे राहिले. मग खाकरून म्हणाले, "मी वाळिंबे."

दिगंबरनं मान वर केली. 

"तुम्हीच का ते. मी पत्र घातलं होतं तुम्हाला."

"मिळालं होतं."

"हां. मला वाटायचं पोस्टात गेलं असंल कुठंतरी."

"मिळालं होतं," वाळिंबे पुन्हा म्हणाले. "उत्तर दिलं नाही मी."

दिगंबर चिडला नाही. वाळिंब्यांना वाटलं, चिडला असता तर बरं झालं असतं. तो पिशवीचे बंद सारखे करत म्हणाला, "पंधरा-वीस दिवस मंदानं पोस्टमनची वाट बघितली. रोज साडेअकराला दारात. मग एक दिवस म्हणली, साहेबानं लिहिलं नाही याचा अर्थ कळला मला. लिहिण्यासारखं असतं तर लिहिलं असतं. त्या दिवसापास्नं कपाळाला कुंकू नाही. नवरा जित्ता असताना. गावातल्या बायांनी किती नावं ठेवली. आई माझी जाईपर्यंत बोलत होती तिला. कारखाना मी भावाला देऊन टाकला, पेंडीचं दुकान घातलं."

"पण मी..." वाळिंबे म्हणाले. "माझी खात्री नव्हती. कशानं गेलं ते मला नक्की सांगता येत नव्हतं."

"कशानं गेलं ते कुठं विचारलं होतं मी? त्या काचेवरचं लाल ते आमचं कुंकू का, एवढंच विचारलं होतं."

व्हरांड्यात कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचा आवाज पार जिन्यापाशी जाऊन थांबला.

"ते लाल," वाळिंबे म्हणाले, "तो आमचा रंग असतो."

"आँ?"

"काप काढला की तो पाण्यासारखा असतो, काही दिसत नाही. म्हणून आम्ही त्याला रंग लावतो. इओसिन म्हणतात. लाल-गुलाबी. प्रत्येक काचेला लावतो."

"प्रत्येक?"

वाळिंब्यांनी संग्रहालयाचं दार उघडलं. शिकवण्यासाठी ठेवलेल्या काचांचे लाकडी ट्रे भिंतीशी रचलेले होते. त्यांनी वरचा उचलून खिडकीतल्या उन्हात टेबलावर ठेवला. साठ काचा. कुणा म्हाताऱ्याचं यकृत, कुणाची किडनी, अपघातात गेलेल्या तरण्याताठ्या माणसाचं निरोगी हृदय. सगळ्या काचांच्या मधोमध नखाएवढा लाल-गुलाबी डाग. त्यांनी दुसरा ट्रे ठेवला, मग तिसरा. दिगंबर एकेक काच उचलून उन्हाकडं धरत होता आणि ठेवत होता. विसेक काचा त्यानं अशा पाहिल्या.

"हे कोण?"

"विहिरीत पडून गेलेला माणूस. त्याचं फुप्फुस. त्याचा कुंकवाशी काही संबंध नव्हता."

दिगंबर टेबलाला हात टेकून उभा राहिला. "एवढंच होतं?" तो म्हणाला. "मग त्या पोरानं मला काच दाखवताना सांगितलं का नाही?"

"त्याला वाटलं असेल, तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं ना. इतकं, की कुणाला ठाऊक नसेल हे सुचतच नाही." मग वाळिंबे खरं तेच बोलले. "मलाही सुचलं नाही. तुमचं पत्र मी अनेकदा वाचलं. ती ओळ दर वेळी नजरेखालून गेली. मी मोठ्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसलो."

 दिगंबरनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, "आता असं करा. उत्तर द्या."

"मी येतो तुमच्याबरोबर. त्यांना सांगतो."

"तोंडी नको. तोंडी सांगितलं तर ती म्हणणार, सुनेच्या सुईसाठी ह्यांनी डॉक्टर पढवून आणला. माझ्या बोलण्यावर तर तिचा इतक्या वर्षांत विश्वास बसला नाही. तिनं वाट बघितली ती पत्राची. पोस्टानं येऊ द्या. पत्ता तोच आहे."

"किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"मॅडमनी अकरा सांगितलं."

*

घरी येऊन वाळिंबे टेबलाशी बसले. पहिला कागद अर्ध्यावर फाडला. दुसरा, तिसरा. चौथ्याला सुलभाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काय अडलंय?"

"कुंकू नव्हतं हे लिहिणं सोपं आहे. पण त्या बाईला मग विचारावंसं वाटणार, कशानं? आणि सुईला हो म्हणायचं तर तिला ते कळायलाच हवं. म्हणजे मी लिहायचं, बाई, तुमच्या कुंकवानं नाही, तुमच्या रक्तानं. तुमच्या वडिलांकडून आलं, तुमच्यातून गेलं. एक दगड छातीवरून उचलायचा आणि दुसरा ठेवायचा. हे बरोबर असू..."

"शकेल," सुलभाबाई म्हणाल्या. "अहो, पण दोन्ही दगड सारखे का? कुंकू चाळायला ती स्वतः बसली होती. उठता आलं असतं तिला. नाक बांधता आलं असतं. सव्वीस वर्षं ती तेच घोकत असणार. रक्त काय तिनं निवडलं होतं?"

"तरीपण तिला वाटेलच."

"वाटू दे थोडं. बाईची जात आहे, झेपेल तिला. तुम्हाला झेपत नाही म्हणून तिला झेपणार नाही असं कशाला धरता?" त्यांनी टेबलावरचे फाटके कागद गोळा केले. "आणि तिनं विचारलंय त्याचं उत्तर आधी लिहा. पहिल्या ओळीत. माझी पोरं पेपरात पानभर रीत मांडायची आणि उत्तर शेवटी कोपऱ्यात लिहायची, तशी करू नका."

वाळिंब्यांनी पाचवा कागद घेतला. या वेळी पेन थांबलं ते पान उलटल्यावरच.

'सौ. मंदाताई अवताडे यांना,

नाही. तुमच्या बाळाच्या फुप्फुसात कुंकू नव्हतं. काचेवर तुमच्या यजमानांनी जो लाल रंग पाहिला तो आम्ही लावलेला होता. आम्ही तो प्रत्येक काचेला लावतो. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मी एका ओळीत कळवायला हवं होतं. ते मी केलं नाही. कारण भित्रेपणा, दुसरं काही नाही. त्याची शिक्षा तुम्ही भोगलीत. मी क्षमा मागतो, पण ती मिळावी असा माझा आग्रह नाही.

आता बाळ कशानं गेलं ते सांगतो. निवृत्तीनंतर काही वर्षं मी छापखान्यांसाठी पुस्तकांची मुद्रितं तपासत असे. हजार पानांच्या पुस्तकात कुठंतरी एक ओळ गळते. ती कुणी मुद्दाम गाळत नाही. आपल्या शरीराचंही एक पुस्तक असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची नक्कल होत असते. तुमच्या वडिलांच्या किंवा त्यांच्याही आधीच्या कुणाच्या प्रतीत एक ओळ गळली. माझ्या प्रतीतही अशा गळलेल्या असतील, सगळ्यांच्याच असतात. तुमची ओळ अशी होती की तुमच्याकडून बाळाकडे जाताना तिच्यावाचून त्याच्या फुप्फुसातल्या शिरांना वाट सापडली नाही. तुम्ही कुंकू चाळलं नसतं, नुसत्या पलंगावर बसून राहिला असता, तरी तेच झालं असतं.

ऋतुजाकडे तीच ओळ गळलेली प्रत तिच्या वडिलांकडून आली आहे. तिच्या बाळाला ती गळलेलीच मिळाली आहे. तिला कुंकवापासून जपण्यात तुमची माया होती, पण त्यानं बाळाचं रक्षण होणार नाही. सुईनं होण्याचा चांगला संभव आहे. खात्री नाही. एकतीसपैकी पाच बाळं वाचली नाहीत, हे मी लपवत नाही. सुई दिली नाही तर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

आणखी एक. ही ओळ कुठली, हे आम्हाला तुमच्या मुलामुळे कळलं. तो तीस तास जगला आणि त्याच्या दोन काचा मागं राहिल्या. त्या नसत्या तर ऋतुजाच्या बाळाबद्दल कुणालाही काही कळलं नसतं.

विद्याधर वाळिंबे'

सुलभाबाईंनी दोन्ही पानं उभ्याउभ्याच वाचली. "'चांगला संभव' म्हणालात," त्या म्हणाल्या. "तेवढं चालेल." मग पत्र त्यांच्याकडं न देता आणखी एकदा वाचायला खुर्चीत बसल्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकायला हरकत नाही. पत्र केमला तिसऱ्या दिवशी पोचलं. मंदाताईंनी ते पोस्टमनच्या हातून स्वतः घेतलं आणि गोठ्याच्या कट्ट्यावर बसून दोनदा वाचलं. नवऱ्याला म्हणाल्या, "अक्षर बरं आहे साहेबाचं. मग एवढी वर्षं काय झालं होतं त्याला?" दुसऱ्या दिवशी ज्या इमारतीत पाय ठेवायचा नाही म्हणून बसल्या होत्या, तिथं ऋतुजाचा हात धरून त्या आल्या आणि सुई देताना डॉक्टरांनी बाहेर जायला सांगितलं तरी गेल्या नाहीत. जूनमध्ये ऋतुजाला मुलगी झाली. सहा तास गेले, बारा गेले, तीस गेले. एकतिसाव्या तासाला मंदाताई पाळण्याशेजारच्या स्टुलावरून पहिल्यांदा उठल्या आणि चहा मागितला. मुलीला पुढं दोन महिने नळीनं प्राणवायू द्यावा लागला, हेही खरं. पण रंग गुलाबीच राहिला. बारशाला वाळिंबे पती-पत्नींना बोलावणं आलं. वाळिंबे तिथं बायकांच्या घोळक्यापासून लांब, मांडवाच्या खांबाशी उभे होते. मंदाताई स्वतः त्यांच्याकडं जिलबीची ताटली घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाकडं बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. तिथलं कुंकू सुलभाबाईंनी बघितलं आणि येताना गाडीत सांगितलं.

पण यातलं काहीही वाळिंब्यांना पत्र टाकलं त्या सोमवारी ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते जेवणाआधीच घरातून निघाले. पोस्टाच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. आताशा तिथं बहुतेक पार्सलंच यायची.

"साधं पत्र आहे का आजोबा? फोटो काढून पाठवलं तर आत्ता पोचेल की."

"ज्यांना पाठवायचंय त्यांनी पोस्टानंच मागितलंय."

"मग स्पीड पोस्ट करा. तीन दिवसांत जाईल. पत्ता सांगा."

वाळिंब्यांनी पत्ता सांगितला. तिनं तो यंत्रात घातला, पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते त्यांच्यापुढं धरलं. "एकदा तपासून घ्या. बरोबर आहे ना सगळं?"

त्यांनी चष्मा सारखा केला आणि पाकीट वाचलं. गाव, तालुका, जिल्हा, नाव. आत काय लिहिलंय तेही एकदा काढून बघावं असं त्यांच्या मनात आलं. तिसऱ्या परिच्छेदातला एक शब्द जरा कमी ठाम करता आला असता.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मुलीनं पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.